पिवळा दोरा, हिरवा दोरा

बाळ, चष्मा कपाळावर आहे, आधी खाली घे. तू विसरभोळा खरा, पण विसरतोस नेमकं तुझ्या सोयीचंच. म्हणून हे लिहवून ठेवतेय.

मी, खाली अंगठा उठवणारी, धुलाई कारखान्यात बेचाळीस वर्षं इस्त्री केलेली बाई, वय एक्क्याऐंशी, अक्षरांशी वैर पण डोकं ठिकाणावर, कोणाच्याही दडपणाविना सांगते आणि वकिलांचे कारकून लिहून घेतात. (कारकूनसाहेब, ‘मयत’ एवढ्यात लिहू नका, अजून बोलतेय.)

कलम एक. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर माझं स्वकष्टार्जित आहे. ते मुलाला मिळणार नाही. कारण त्याला ठाऊक आहे, तरी सांगते.

कारखान्यात इस्त्री झालेल्या कापडाच्या कोपऱ्याला जिने काम केलं तिच्या रंगाचा टाका असे. माझा पिवळा. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा हिरवा. माझा हा मुलगा तिथेच मुकादम झाला त्याच आठवड्यात हॉटेलचा भला मोठा टेबलक्लॉथ माझ्या हातून जळला. याने पिवळा टाका उसवून हिरवा घातला. शिवण मीच शिकवली होती. टाका सुरेख पडला.

“अगं, हे माझं नाही! तू तरी सांग की!” मैत्रीण म्हणाली.

मी पुढची चादर पसरली.

तिला त्याच दुपारी काढलं. मग कुठल्याच कारखान्याने तिला घेतलं नाही. गुडघे जाईपर्यंत तिने लोकांचे जिने पुसले. तू साहेब झालास, मी साहेबाची आई.

हे घर तिला द्यावं. जिना चढायला नको. ती मला माफ करणार नाही. मीही केलं नसतं.

कलम दोन. नात कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. माझं बोलणं रेकॉर्ड करून तिने कामगारांवर जाडजूड प्रबंध लिहिला. “आजी, मालकवर्गच कामगारांना आपसात झुंजवतो,” असं मला समजावते. पोरी, मालक त्या दिवशी कारखान्यात नव्हताच. त्याला यायची गरजच पडली नाही. हे घाल पुस्तकात. तुझ्या भांडीवालीचा कप वेगळा ठेवतेस, तेही घाल. तुला माझी इस्त्री. निदान स्वतःचे कपडे तरी स्वतः कर.

कलम तीन. मुलाला हिरव्या दोऱ्याचं रीळ. त्या रात्री तुझी पँट धुताना खिशात सापडलं होतं. सुनेने घरावरून भांडण काढलं, तर हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं.

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई, कोपऱ्यावरचा चांभार
ठिकाण: माझी खाट
दिनांक: १४ मार्च

ता. क. मैत्रिणीला दात उरलेले नाहीत. वर्षभर रोज मऊ भात आणि उकडलेलं अंडं पाठवावं, गरम. ड्रायव्हरच्या हाती नको. बाळ, तूच घेऊन जा. तिने डबा तोंडावर फेकला तर ओणवं होऊन फरशी पुसून दे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम ने.