गुलाबी गोटाची पट्टी

४ ऑक्टोबर २०११, माग्डेबुर्ग

कसर लागली! खांदापट्ट्यांच्या पेटीत. सकाळी काच उघडली तर तोफखान्याच्या पट्टीवर बारीकशी अळी, निवांत चरत होती. आपल्या जुन्या पूर्व जर्मन फौजेची सगळी दलं — पट्ट्या एकाच हुद्द्याच्या, फक्त कडेच्या गोटाचा रंग वेगळा — जमवता जमवता वीस वर्षं गेली. आणि ही बया महिन्याभरात फस्त करणार! सगळ्या काढून पिशवीत घातल्या, पिशवी फ्रीजरमध्ये, मटारांशेजारी. दोन आठवडे गारठू देत. इलोना असती तर बायकोच्या हक्काने विचारलं असतं तिने, संध्याकाळी आता फौजच वाढू का म्हणून.

रेडिओ सोडून दिवसभर घरात कोणी बोललं नाही.

७ ऑक्टोबर

काही नाही.

१८ ऑक्टोबर

पट्ट्या बाहेर काढल्या आणि डोक्यावर हात मारून घेतला. काढताना एकीलाही चिठ्ठी लावली नाही! पांढरी, काळी, पिवळी कळल्या. तोफखान्याची भोकावरून ओळखली. पण रणगाडादलाची गुलाबी आणि हवाई संरक्षणाची करडी? माझ्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच.

मला रंग नीट दिसत नाहीत, हे फक्त इलोनाला ठाऊक. जुन्या बाजारात ती माझा कोपर धरून कानात सांगायची, लाल, हिरवी. आणि मी तेच चढ्या आवाजात विकणाऱ्याला ऐकवायचो. ती गेल्यापासून एकही पट्टी घेतलेली नाही.

परवा माझा पट्ट्या जमवणारा दोस्त हार्टमुट येतोय. कसर कुठवर गेली ते भिंग लावून बघणार म्हणे. आजवर पेटी भिंतीवर उंच, अंधाऱ्या कोपऱ्यात होती, निभावलं. दर गुरुवारी आम्ही पट्टीवेडे एका टेबलाभोवती जमतो, त्या टेबलावर कुठली पट्टी कुठल्या दलाची, याचा निवाडा मी करतो. रंग न दिसणारा पंच! आधी हसतील, मग कीव करतील, मग बोलावणं हळूहळू बंद होईल. त्या टेबलाशिवाय मला नावाने हाक मारणारं आता आहे कोण?

१९ ऑक्टोबर

परक्या माणसाला विचारलेलं बरं, म्हणून कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानात गेलो. थाप मारली — नातीसाठी विणायचंय, या दोनांतली गुलाबी कुठली ते बघा आणि तशी लोकर द्या. बाईने पट्ट्या खिडकीशी नेल्या, चष्मा लावला.

"यात गुलाबी नाहीच हो आजोबा. दोन्ही करड्या आहेत."

घरी आलो. करडी लोकर घेऊन! रिकाम्या हाताने निघायची लाज वाटली.

गुलाबी इलोनानेच शोधली होती. तीन वर्षं तिच्यासाठी दर रविवारी वणवण चालली होती. एकदा बर्फात उभं राहून राहून ती म्हणाली, सापडली तुझी गुलाबी, चल आता घरी. आणि मी मूर्ख आनंदाने वेडा झालो. तिला तर दिसत होतं ना! माझ्यावरच्या मायेने बोलली, की पाय गारठले म्हणून? खूप चिडलो तिच्यावर. खरं सांगायचं तर बरंही वाटलं, भांडायला कोणीतरी मिळालं.

उद्या हार्टमुटला काय सांगू? ताप आलाय म्हणून कळवावं का? नको. फोनवर माझा आवाज लगेच ओळखतो तो.

२० ऑक्टोबर

हार्टमुट आला. आलुबुखाराचा केक घेऊन. दोन्ही करड्या मी अंदाजाने लावल्या होत्या. त्याने पेटी खिडकीशी नेली, त्या दोन्ही उलटून पाहिल्या आणि त्यांची अदलाबदल केली.

"गुलाबी ही, योखेन. आम्हाला ओळखता यावी म्हणून इलोनाने मागून टाका घातलाय बघ."

मी विचारलं, मला रंग दिसत नाहीत हे अजून कोणाकोणाला माहीत आहे?

"टेबलावरच्या सगळ्यांना," तो म्हणाला. "पहिल्यापासून. केक कापतोस ना?"