एकच माणूस पुरे

न्यूरेंबर्ग, ३ मार्च
अमेरिकन कंपनीशी आमचं विलीनीकरण जाहीर. संगणक चालवणारं लिनक्स त्यांचं वेगळं, आमचं वेगळं. बँकांना दोन-दोन कोण विकत बसणार? एकच राहणार. अर्थात आमचं. प्रमुख? मी. एकोणीस वर्षं काय झक मारली? आजपासून सिगारेट बंद, इंग्रजी सुरू.

५ मार्च
एकच सिगारेट. इंग्रजी सोमवारपासून.

९ मार्च
नवे साहेब हॉलिस व्हिडिओवर. म्हणाले, "तुमचं लिनक्स चालू ठेवायला कमीत कमी किती माणसं लागतील? लिहून द्या." चालू ठेवायला! म्हणजे जिंकलो. आणि विचारलं मला, फ्राऊ हुमेलना नाही. त्या लिनक्समधल्या सुरक्षेच्या फटी बुजवणारे पॅच बनवतात. बाई कष्टाळू, पण दृष्टी नाही.

११ मार्च
अहवाल पाठवला. चौऱ्याऐंशी पानं. सार : एकच माणूस पुरे. काटकसर दिसली पाहिजे. नाव घातलं नाही, ते उघडच आहे. फ्राऊ हुमेलसह बाकी सात जातील. वाईट वाटलं. जेवल्यावर बरं वाटलं.

१७ मार्च
कामगार समितीचे ओर्टलीब वय, मुलंबाळं विचारून गेले. नव्या पदासाठीच असणार. ठणकावून सांगितलं, "बायको नाही, मुलं नाहीत, माझ्यामागे कुणी नाही. उद्या अमेरिकेला जा म्हणा, निघालो." त्यांनी खाली मान घालून लिहून घेतलं. भारावले बिचारे.

२१ मार्च
नवं पद मिळालं की ऑफिसला खाऊ घालायचं, ही आमची रीत. सोडून जाणाराही घालतो. पत्र यायचंय, पण थांबायचं कशाला? पावात तीन-तीन सॉसेज, सगळ्यांना. एकही उरला नाही. फ्राऊ हुमेल रडल्या. मत्सर, दुसरं काय? ओर्टलीब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाबास, फोलराट. इतकं शांतपणे सगळ्यांना नाही जमत." नेतृत्वगुण लोकांना दिसतातच.

२४ मार्च
पत्र आलं. नव्या ग्राहकांना अमेरिकन लिनक्स. आमचं फक्त जुन्यांसाठी, करार संपेपर्यंत, तेही पॅचपुरतं. हॉलिसनी अहवाल शब्दशः मान्य केलाय. एक माणूस : फ्राऊ हुमेल. बाकीच्या सहा जणांना दुसऱ्या विभागांत घेतलंय, सगळे पोराबाळांचे; कपातीत कायद्याने आधी त्यांची सोय.

दुपारी फ्राऊ हुमेल आल्या. म्हणाल्या, "फोलराटसाहेब, राग नसेल तर तुमची खुर्ची मी घेऊ का? माझ्या पाठीला बरी पडेल." घ्या म्हणालो. जाताना टेबलावर निरोपाचं कार्ड ठेवून गेल्या. सगळ्यांच्या सह्या, तारीख एकवीस. चौघांनी लिहिलंय, सॉसेज छान होते.