गेटावरचा नमस्कार

बद्रीदादा,

हे तुम्हाला द्यायची हिंमत होणार नाय, तरी लिहितो.

फोन केला की साहेब चिडतो, त्याच्या नजरेत राहा, हे तुम्हीच शिकवलं. म्हणून नोकरीचा अर्ज दिल्यापासून रोज मुकुंदवाडीहून चिकलठाण्याला चालत जाऊन तुमच्या कंपनीच्या गेटावर उभा राहायचो. साहेबाची गाडी आली की नमस्कार. त्यानं कधी मान हलवली नाय. तुम्ही मात्र आत जाताना म्हणायचे, "टिकून राहा रे."

आज पत्र्याच्या प्रेसमध्ये तुमचा हात गेला. तुम्हाला गाडीत घालून नेलं अन् साहेब गेटावर आला. पहिल्यांदाच माझ्याकडं बघून म्हणाला, "तूच रोज उभा असतो ना? उद्या ये. प्रेसवर माणूस पाहिजे."

मी व्हय म्हणालो. लगेच म्हणालो, दादा.

दवाखान्यात तुम्ही विचारलं, "अर्जाचं काय कळलं का?" मी मान हलवून नाय म्हणालो. निघताना वहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांचा डबा मशीनपाशीच राहिलाय. गेटावर कुणाला सांगून तेवढा आणा."

आता कुणाला सांगायची गरज नाय. डबा मीच आणीन. पण वहिनींच्या हातात देऊ कसा?

तुमच्या शेजारचा,
रंगनाथ