पुढच्या चाकांवर चारशे ऐंशी

गंगाखेड,
रविवार, दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. ईश्वरीस अप्पांचे भरभरून आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी ती ठणठणीत आहे आणि माझ्यावर बारीक नजर ठेवून आहे. साखर कारखाना जोरात चालू आहे. रोज एखाद्या ट्रॅक्टरचा क्लच माझ्या दारात येऊन जीव सोडतो, म्हणजे गॅरेजचं झकास चाललंय.

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हं' म्हणतेस आणि आईकडं द्या म्हणतेस. पत्राला 'हं' म्हणता येत नाही. चार वर्षांपूर्वी तू आईला सांगून गेलीस की गंगाखेडला आता पाय ठेवणार नाही. तो पाय परत इथं पडावा म्हणून हा सगळा खटाटोप आहे, हे आधीच सांगून टाकतो. आता बातमी.

तुझ्या लाल गाडीत नवं इंजिन बसवलं.

हो, तीच. दोन सीटची, बिनटपाची. तुझ्या डिप्लोमाच्या निकालाच्या दिवशी मी लातूरच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामातून ओढून आणलेली. दिसायला अशी की गल्लीतली पोरं शाळा बुडवून बघत बसायची, आणि चढ आला की मागून उसाचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारायचा. रूप राणीचं आणि दम चार पावलांचा. कागदावर ती माझ्या नावानं आहे, पण जीव तुझा होता तिच्यावर.

इंजिन कोणतं घालायचं यावर महिनाभर खल झाला. तुझा आत्तेभाऊ रुद्रेश नांदेडला जुन्या इंजिनांचा व्यापार करतो, त्याला विचारलं. तो दुसऱ्याच दिवशी हजर, मोबाईलवर फोटो घेऊन.

"मामा, दोन हजार सीसी. वर टर्बो. दोनशे घोडे हायेत. गाडी उडंल!"

"उडंल बाबा. उतरवणार कोण? तू?"

"तुमी बी ना! मग डिझेल टाका. तुमचं आवडतं."

डिझेलचं नाव निघालं की मी हल्ली पाणी प्यायला उठतो.

तुला कारण माहीत आहे, तरी लिहितो. आपल्या इकडं इंजिनाची ताकद एकाच मापानं मोजतात. किती ट्रॉल्या ओढतं? दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या की ते इंजिन खानदानी. मीही पस्तीस वर्षं तेच माप वापरलं, आणि त्याच मापानं त्या एवढ्याशा गाडीत डिझेल टॅक्सीचं लोखंडी इंजिन कोंबलं. तू म्हणाली होतीस, "अप्पा, हिला कुठं ट्रॉली ओढायचीय? नाक जड हुईल, वळणार न्हाई." वही उघडून आकडे दाखवायला लागलीस. बाकड्यावर चार गिऱ्हाईकं बसली होती. मी म्हणालो, "तू पाना धर. इंजिनाचं मी बघतो." सगळे हसले. तू पाना धरलास.

मग झरीच्या वळणावरचं झालं. ते झालं ते झालं.

नंतर गाडी मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली चार वर्षं पडून होती. दिवाळीनंतर तुझ्या आईला ती जागा हवी झाली, म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं ताडपत्री उचलली, चेपलेलं नाक बघितलं आणि विचारलं, "पोरीनं रानात घातली ती हीच काय?" मी मान हलवली. चार वर्षं झाली, तरी हलवली. तो वजनाचा अंदाज करायला वाकला आणि मी ताडपत्री परत ओढली. त्याला म्हणालो, "गाडी द्यायची न्हाई. जा तू." तो पुटपुटत गेला.

त्याच दुपारी तुझी वही काढली. ती फेकली असं मी आईला सांगितलं होतं. फेकली नव्हती. विभूतीच्या डबीखालीच होती, म्हणजे रोज हात लागायचा. तुझं ते 'अप्पांसाठी' लिहिलेलं पान मी पहिल्यांदा नीट वाचलं. तू कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडीची पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलून आणली होतीस. मूळ इंजिन असताना पुढे ४७० किलो, मागे ३१०. खाली लिहिलं होतंस: 'डिझेल घातलं तर पुढे ५६०, सरळ जाईल. तेराशे सीसी पेट्रोल घातलं तर पुढे ४८०, वळेल.' अक्षर तुझ्या आजीसारखं, हिशोब मात्र कुणासारखाच नाही.

मग काय, रुद्रेशला सांगितलं की तुझे दोनशे घोडे तुझ्याच तबेल्यात बांध, मला तेराशेचं पेट्रोल दे, अ‍ॅल्युमिनियमचं, हलकं. मागून ठोकलेल्या एका छोट्या गाडीचं मिळालं, गिअरबॉक्ससकट. आधी परभणीला आरटीओत अर्ज टाकला, परवानगी हातात आली, मगच पाना उचलला. चेपलेलं नाक सरळ केलं. इंजिन बसवायचे टेकू तीनदा कापले, तीनदा जोडले. पहिल्यांदा बोनेट लागेना, दुसऱ्यांदा लागलं पण घासायला लागलं, तिसऱ्यांदा दोन बोटं जागा उरली. अशी कामं मराठवाड्यात किती जण करतात ते तूच मोजून सांग. एका हाताची बोटंही जास्त होतील.

आठ दिवसांपूर्वी, शनिवारी, गाडी ट्रॅक्टरला बांधून काट्यावर नेली. पुढे मागे उसाच्या ट्रॉल्या आणि मधे आपली राणी. रांगेतून एकजण ओरडला, "मिस्त्री, ऊस कुठाय? का गाडीच गाळायला द्यायलाय?" मी म्हणालो, "हिचा रस तुला पचायचा न्हाई." लोक खूष. काट्यावर आपला माऊली होता. त्यानं पुढची दोन चाकं घेतली आणि खिडकीतून आकडा सांगितला.

"चारशे ऐंशी."

वही माझ्या काखेत होती. मी पान उघडून त्याला दाखवलं. चार वर्षांपूर्वी, इंजिन डोळ्यानंही न बघता तू लिहिलेला आकडा. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण जाईल. माऊलीनं आकडा बघितला, गाडी बघितली आणि म्हणाला, "म्हंजे पोरगी हुशारच हाय की वो. मग झरीपाशी कशी काय घातली तिनं?"

वीसेक ड्रायव्हर उभे होते. माझी मान सवयीनं हलायला लागली होती, ईश्वरी. खरंच सांगतो, हलायला लागली होती.

"पोरीनं न्हाई घातली," मी म्हणालो. "मी घातली. गाडी मीच चालवायलतो."

"मग तवा तर तुमीच..."

"तवा लबाड बोललो. डिझेल बी माझंच. ती नगं नगं म्हणायलती."

मग मागून आवाज आला, "आवो मिस्त्री, गाडी सरकवा, ऊस वाळायलाय!" माझ्या जन्मातली सगळ्यांत अवघड गोष्ट बोलून झाली होती आणि त्याला उसाची पडली होती. मी गाडी सरकवली.

तुला तो दिवस सांगायची गरज नाही. चारठाण्याला महादेवाच्या दर्शनाला निघालो होतो. झरीच्या पुढच्या वळणावर मी स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी सरळ हरभऱ्यात गेली. तू मनगट धरून बांधावर बसली होतीस. लोक जमले, त्यात गंगाखेडचा एक ट्रॅक्टरवाला निघाला. "मिस्त्री, तुमी?" असं त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "पोरगी चालवायलती. शिकायलीय अजून." तू माझ्याकडं बघितलंस. बोलली काहीच नाहीस. तिथंही नाही, दवाखान्यातही नाही, आईलाही नाही. त्यानंतर लोक तुझ्या हातात गाडी द्यायला बिचकायला लागले, "मिस्त्री, तुमीच बघा" म्हणायला लागले, आणि मी बघत राहिलो. माझं नाव राहावं म्हणून तुझं घालवलं. याची मला लाज वाटते. माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून आधी काट्यावर बोललो आणि मग लिहितो.

घरी येऊन आईला सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. ताट वाढायची आणि उठून जायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पत्र लिवा. फोन नगं. सवताच्या हातानं लिवा." तेव्हा वर 'हं'चं जे कारण दिलं ते अर्धंच होतं, खरं कारण हे.

तुझं मनगट थंडीत दुखतं का अजून? आईला विचारलं तर म्हणते, तिलाच विचारा.

आता गाडीचं. सगळं जोडून झालंय, तेल घातलंय, बॅटरी नवी आहे. सुरू मात्र केलेली नाही. आपल्या गॅरेजची रीत तुला ठाऊक आहे: इंजिन ज्यानं ठरवलं त्यानं त्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि पहिली चावी त्यानंच फिरवायची. पस्तीस वर्षांत ती चावी मी कुणाला दिली नाही. तुलाही नाही, दोनदा मागितलीस तरी. या पाकिटात लाल गाडीची ती चावी आहे, काट्याची चिठ्ठीही आहे. दुसरी चावी हरभऱ्यात हरवली ती हरवलीच.

महाशिवरात्र सव्वीसला आहे. जमलं तर ये. नाही जमलं तरी मी रागावणार नाही, तो हक्क आता तुझा. गाडी ताडपत्रीविना दारात उभी आहे. येणारा-जाणारा विचारतो, कधी सुरू करणार? मी सांगतो, मला काय विचारता, तिच्या मिस्त्रीला विचारा, ती पुण्याला असते.

पाना धरून उभा,
तुझा अप्पा