चौदा गुंठे, चौदा ठिपके

प्रिय कल्पेशदादा,

मला पूर सापडला! परवा दुपारी लॅबमध्ये मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारी बसलेल्या राजसीचा चहा सांडला. राजसी म्हणजे ती अंबरनाथची, दिवाळीच्या सुट्टीत माझ्याबरोबर टेप धरून फिरत होती ती.

तू नेहमी विचारतोस, पुण्याला विद्यापीठात नक्की काय शिकतेस? ऐक. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या उपग्रहाला जमीन दिसत नाही, पण रडारवाल्याला दिसते! तो वरून लहरी सोडतो. शेताला, झाडाला लागून त्या परत येतात, साचलेल्या पाण्यावरून मात्र भलतीकडेच निसटतात. म्हणून पाणी काळं दिसतं. कोरड्या दिवसांतलं चित्र आणि पुरातलं चित्र शेजारी ठेवायचं. जे नव्याने काळं झालं, तो पूर. आणि त्यातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा! आपलं नदीकडचं शेत चौदा गुंठ्यांचं ना? मला ते चौदा ठिपक्यांत दिसतं, दादा. बाबा पायांनी मोजायचे ते मी आकाशातून मोजते.

पण घरांच्या दाटीत उपग्रहाचीही फसगत होते, म्हणून तिथे जाऊन बघावं लागतं. तुझ्या बाइकवरून तू आम्हाला उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये नेलंस तो दिवस आठवतो? वालधुनी नदीकाठच्या दुकानांच्या भिंतींवर आम्ही पाण्याच्या खुणा मोजत होतो आणि जीन्सवाला शेठ घाबरून विचारत होता, "बेटी, रोड चौड़ा होने वाला है क्या?" तू छाती काढून म्हणालास, "सेठ, मेरी बहन सॅटेलाइट की पढ़ाई करती है." मग त्याने तिघांना थंड पाजलं. बाबा गेल्यावर सगळे म्हणत होते, पोरीचं लग्न उरकून टाक. तू मला शिकायला पाठवलंस. त्या दिवशी तुझं तोंड बघून मला वाटलं, हे सगळं तुझंच आहे.

तू कामावर गेलास त्या दिवशी मी एकटीच आपल्या शेताकडे गेले होते. तुला सांगितलं नाही. शेताला लागून मोतीबाई आत्याचं घर, तिथेही गेले. तिच्या पलंगाखाली चार-चार विटा लावल्यात. भिंतीवर माझ्या कमरेच्या वर पाण्याची रेघ. मी टेप लावली तर आत्या म्हणाली, "पानी हितपरत आल्ता, पोरी. पन कल्पेसला नको सांगू. पोराचा लगीन ठरलंय, घर बांधाचा हय त्याला." मी मान डोलावली आणि भाकरी खाऊन आले.

परवा मी गेल्या सात वर्षांतले तीन पूर एकावर एक ठेवले. पहिल्या दोन पुरांत आपले चौदाच्या चौदा ठिपके काळे, आत्याचं परसू कोरडं. मग दोन वर्षांपूर्वी तू घरासाठी शेतात भराव टाकलास. गेल्या वर्षीच्या पुरात आपलं शेत कोरडं ठणठणीत, आणि आत्याचं परसू काळं. दादा, पाणी गेलं नाही. आपण ते तिच्याकडे ढकललं. मी सापडलं म्हणून ओरडले ते हेच, आणि दुसऱ्याच क्षणी खाली बसले.

तुला हे माहीत नव्हतं, याची मला खात्री आहे. पण पुढचं ऐक, ते चांगलं आहे! जुन्या नकाशात आपल्या शेताच्या कडेने एक ओहोळ दाखवलाय. तो भरावाखाली बुजलाय. मी उंचसखलपणा काढून पाहिला, आमच्या सरांनीही तपासला. ओहोळ मोकळा केला तर पाणी सरळ नदीला मिळेल. त्यासाठी चौदातले चार गुंठे सोडावे लागतील. तुझं घर रस्त्याच्या बाजूला उरलेल्या दहा गुंठ्यांत आरामात बसतं. नकाशा सोबत ठेवलाय, ओहोळ निळ्या पेनाने काढलाय.

फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच "तुझं पुस्तकातलं राहू दे" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून पत्र. सोमवारी हा नकाशा मला सगळ्या विभागासमोर मांडायचा आहे. आपलं शेत त्यातून वगळावं असं एकदा मनात आलं होतं. वगळलं नाही. पण लोकांनी बघण्याआधी तू बघावास असं वाटलं. येत्या शनिवारी सकाळी मी बदलापूरला उतरतेय. घराच्या पायाची पूजा तेवढी थांबव. आपण दोघं आत्याकडे जाऊ. तिला दिलेला शब्द मी मोडलाय, तेव्हा तिच्या दारात आधी तू जा. मी तुझ्या मागोमाग येते.

तुझीच,
भाविका