अर्ध्या बुलेटची वाटणी

मी, बद्रीनाथ म्हाळू औटे, वय एकोणसत्तर, धंदा शेती, राहणार उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीत राहून, कोणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवतो. येत्या सोमवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर हसून बोलतात, पण कागद केलेला बरा.

१. राहते घर आणि विहिरीसह जमीन मुलगा शिवशंकर याची. बांधावरचे चिंचेचे झाड त्याने तोडू नये. त्याखाली बसून मी चौथीच्या पुस्तकातल्या कविता मोठ्याने म्हणत असे. त्या कवितांत बर्फाचे पहाड होते. आम्ही बर्फ पाहिला तो जत्रेतल्या गोळेवाल्याच्या गाड्यावर.

२. बँकेत जे असेल ते नात सायली हिच्या शिक्षणाला.

३. आता माझ्या अर्ध्या बुलेटविषयी. अर्धी हा शब्द चुकून पडलेला नाही. ही गाडी मी आणि गहिनीनाथ सटवा कोळेकर, दोघांनी मिळून घेतली. त्याची मेंढरं खतासाठी माझ्या रानात बसायची, तिथून दोस्ती. बालाघाटाच्या दगडी वाटांपासून गढवालच्या पहाडापर्यंत आम्ही तिच्यावर हिंडलो. तो चालवी, मी मागे बसून कविता म्हणे. तो ओरडे, "कविता पुरे बे, उतर खाली, पानी बघ!" नदी आली की मागच्याने उतरायचे, काठीने तळ चाचपत पुढे चालायचे आणि मग गाडी पाण्यात घालायची, हा आमचा रिवाज.

शेवटची फेरी हिमाचलातल्या लाहौलची. खिंडीच्या अलीकडे एक ओढा आडवा आला. सकाळी पाणी घोट्याएवढे, पण पाय बधिरतील इतके गार. दोघांनी ठरवले, दशम्या खाऊ, ऊन तापू दे, मग उतरू. आभाळात ढग नव्हता. आमच्या सिंदफणेला पावसाशिवाय पूर येत नाही. ऊन तापले की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी ओढा चढतो, हे आम्हा बीडकरांना काय ठाऊक? दुपारी मी काठी घेऊन उतरलो आणि पाण्याने मला उचलले. गहिनीनाथने गाडी टाकून उडी मारली. त्याच्या हाताला आधी नुसती माझी टोपी लागली. मी नंतर लागलो.

दुसऱ्या सकाळी पाणी पुन्हा घोट्याएवढे. खिंड अर्ध्या दिवसावर होती. मी चल म्हणालो, त्याने गाडी गावाकडे वळवली. "भ्याला बे तू. मेंढरामागं हिंडून मेंढरू झालास," मी म्हणालो. तिथून उमापूरपर्यंत एकाच गाडीवर बसून आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गावात मी पंच बसवले आणि रानासारखी वाटणी मागितली. पंचांनी हसत हसत केली: इंजिन व मागचे चाक मला, हँडल व पुढचे चाक त्याला. त्यांना वाटले, आम्हीही हसू. तेव्हापासून एक गाडी दोन गोठ्यांत पडून आहे.

गेल्या वर्षी बाजारात त्याची बायको विमलबाई भेटली. म्हणाली, "भाऊजी, तवा त्यांच्या हाताला नुसती टोपीच लागली व्हती. तवापासून आमच्या घरात कुनी टोपी घालत न्हाई."

शिवशंकर माझा भाग भंगारात घालू म्हणतो. त्यास माझी सक्त मनाई. सायलीला त्या खिंडीत जायचे आहे. अर्ध्या गाडीवर ती कशी जाईल?

४. सबब माझा अर्धा भाग मी गहिनीनाथ यास देतो. त्याने गाडी जोडावी आणि सायलीच्या हाती द्यावी. वकील म्हणाले, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीची सही करू नये. म्हणून त्याला बोलावलेले नाही. तो घेईल की नको म्हणेल, हे मला कळणार नाही, एवढेच दुःख.

पुरवणी. वरील मजकूर मी घरात वाचून दाखवला. सायली तडक गहिनीनाथच्या घरी जाऊन सगळे सांगून आली. आज सकाळी तो पुढचे चाक खांद्यावर घेऊन दारात उभा.

"कावून बे, मेल्यावर देतो व्हय? मंग जोडून दावू कुनाला?"

"सोमवारी ऑपरेशन आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय. सकाळीच निघू. ऊन तापायची वाट बघायची न्हाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आन् ती टोपी काढ आदी."

मी टोपी काढली.

सबब कलम चार रद्द. गाडी अंगणात जोडायला घेतली आहे. पुरी गाडी दोघांच्या राजीखुशीने सायलीची. अट एकच: तो ओढा सकाळी ओलांडावा, आणि मागच्याने उतरून पुढे चालावे. गहिनीनाथला आता वाटा नाही, म्हणून तो साक्षीदार.

लिहून ठेवणार: बद्रीनाथ म्हाळू औटे (सही)

साक्षीदार:
१. हनुमान नाथा जगदाळे, शेजारी (सही)
२. गहिनीनाथ सटवा कोळेकर (सही. त्याच्या हाताला ग्रीस होते. कागदावरचा काळा डाग खाडाखोड समजू नये.)

ठिकाण: उमापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५