पल्याडची वाळू

बाई, काल ताईच्या मुलाचा फोन आला होता. तुम्ही त्याला पाहिलंय, मांडीवरही घेतलंय, पण ते पुढे येईलच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्याला गोल्फचं वेड लागलं. आता तो मित्रांबरोबर स्कॉटलंडला निघालाय. तिथे समुद्रकाठच्या वाळूवर आखूड गवत उगवतं, त्यावर जुनी मैदानं आहेत, त्यांना लिंक्स म्हणतात. अशी अकरा मैदानं त्यानं कागदावर काढलीत आणि हाताशी दिवस आहेत चार. कुठलं मोठं नावाजलेलं, कुठे वारा फार, कुठे आधी वर्षभर नाव नोंदवावं लागतं, सगळं तो मला अर्धा तास सांगत होता. मला चेंडू कुठे मारतात तेही कळत नाही. शेवटी म्हणाला, "मावशी, तूच सांग, कुठली ठेवू नि कुठली गाळू?" आणि माझ्या तोंडून तुमचा प्रश्न बाहेर पडला. साठाहून जास्त वर्षं झाली त्या प्रश्नाला. तेव्हा मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं.

तुम्ही घाटावरून आमच्या शाळेत आलात तेव्हा मी दहावीत होते. कुलाबा जिल्ह्यातल्या त्या किनाऱ्यावर कवायत शिकवायला बाई येणार हेच मोठं नवल होतं. त्यात तुम्ही पाचवारीचा काचा मारून आमच्याबरोबर वाळूत उतरलात आणि हुतुतूचा दम घ्यायला शिकवू लागलात. गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता. समुद्राला मात्र तुम्ही बिचकत होता. पहिल्या आठवड्यात तुम्ही ओल्या वाळूवर रेघा मारून मैदान आखलंत, आम्हाला दोन ओळींत उभं केलंत, आणि बघता बघता निम्मं मैदान पाण्याखाली गेलं. आम्ही पोटं धरून हसलो. तुम्हीही हसलात, आणि मला म्हणालात की पाण्याचं खातं आजपासून तुझं. त्या दिवसापासून खेळाची वेळ मी ठरवायची. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बायकांनाही तो हिशेब येतो. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. तुम्हाला त्याचं केवढं कौतुक वाटायचं. घरी कोणी माझं कधी कशाचं कौतुक केलं नव्हतं, म्हणून मी त्या खात्यावर जरा जास्तच मिरवायची.

पुढच्या वर्षी, मी अकरावीत असताना, नाताळच्या सुट्टीत तुम्ही हेडमास्तरांकडून तीन दिवस मागून घेतलेत. आम्ही आठ मुली आणि तुम्ही. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि खाडीपलीकडचं एक गाव, अशी पाच ठिकाणची बोलावणी होती. हेडमास्तरांची अट एकच, रात्रीचा मुक्काम रेवदंड्याच्या शाळेत, दुसरीकडे कुठेही नाही. पाच मैदानं, तीन दिवस. कागद तुम्ही माझ्यापुढे सरकवलात आणि म्हणालात, तूच निवड, पाणी तुला कळतं. मी नागाव घेतलं, रेवदंडा घेतलं आणि चौल-आक्षी गाळून मधल्या दिवसाला पल्याडचं गाव घेतलं. पल्याडची वाळू कशी घट्ट, कशी लांबलचक, भाकरीच्या पिठासारखी कशी मऊ, याचं मी बरंच वर्णन केलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत. मग विचारलंत,

"वाळू कशी ते राहू दे. तिथे कोण आहे?"

मी म्हटलं, कोणी नाही, वाळूच चांगली आहे.

तिथे माझी ताई होती. तुम्हाला तेव्हा मी काही सांगितलं नव्हतं, कारण घरातली ती गोष्ट शाळेत न्यायची लाज वाटायची. दीड वर्षापूर्वी ताईचं लग्न झालं, आणि विहिणीच्या पंगतीत, खुद्द विहीणबाईंच्या पानावर, तूप वाढायचं राहिलं. वाढपी दुसऱ्या टोकाला गेला होता एवढंच. पण त्या पान न उष्टावता उठल्या. आमच्या अण्णांना समजूत काढायला जायचं सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा मान आडवा आला. एका पळीभर तुपावरून खाडीच्या दोन बाजू बंद झाल्या. दिवाळसण झाला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेही तिकडेच झालं. मुलगा झाल्याचा निरोप आम्हाला होडीवाल्याकडून कळला. आई चुलीपुढे बसून डोळे पुसायची आणि धूर फार झाला म्हणायची. बाळ चार महिन्यांचं झालं तरी आमच्यापैकी कोणी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. मला ते पाहायचं होतं, बाई. हुतुतू गेलं खड्ड्यात, मला तेवढंच पाहिजे होतं.

मधला दिवस चतुर्दशीचा होता. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला भरती, म्हणजे साडेचारला ओहोटी. मी तुम्हाला सांगितलं की अकराला होडीनं पलीकडे जाऊ, चारला खेळू, साडेपाचला परत होडी, दिवेलागणीला रेवदंडा. ऐकायला सगळं बरोबर होतं. मी सांगितलं नाही ते एवढंच, की ज्या ओहोटीत वाळू मोकळी होते त्याच ओहोटीत खाडी सुकते. पुनवेच्या आसपास तर पाणी इतकं मागे सरतं की धक्क्याशी होडी चिखलात बसते आणि रात्री आठ-नऊपर्यंत हलत नाही. आमच्याकडचं शेंबडं पोर हे जाणतं. तुम्ही जाणत नव्हता, म्हणजे मी तसं धरून चालले होते. सकाळी निघताना तुम्ही सगळ्यांना चादरी काखेत मारायला लावल्यात. होडीत गार वारा लागतो म्हणालात. भर उन्हात अकरा वाजता आम्ही चादरी घेऊन होडीत बसलो आणि एकमेकींकडे बघून हसलो. घाटावरची माणसं वाऱ्याला भितात, असं मीच कुणाच्या तरी कानात म्हटलं.

खेळात आम्ही हरलो. कप्तान मी, आणि माझं लक्ष मैदानात नव्हतंच. पल्याडच्या मुली माशांसारख्या निसटायच्या आणि मी दम घेऊन जायची ती नजर बांधावरच्या माडांकडे. त्या माडांच्या मागे ताईचं घर आहे एवढं मला ठाऊक होतं. साडेपाचला आपण धक्क्यावर आलो तर होडी एका कुशीवर कलंडून चिखलात निजलेली. होडीवाला बिडी ओढत बसला होता. तुम्ही त्याला कधी निघणार विचारलंत. तो म्हणाला, "आता कुठं, बाय? पानी न्हाय. रातच्याला चढंल, पन पोरी घेऊन एवढ्या रातचा मी न्हाय जायचा. सकाळच्याला सोडतो." मुली रडकुंडीला आल्या. मी खाली बघत उभी. तुम्ही मला ओरडाल म्हणून मी अंग चोरून घेतलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. फक्त परत तेच विचारलंत, या वेळी अगदी हळू. "आता सांग. इथे कोण आहे?" मी सांगितलं. "मग घर दाखव," म्हणालात आणि चालू लागलात.

ताईच्या सासूबाई तुळशीपुढे दिवा लावत होत्या. दारात सात मुली, एक परकी बाई, आणि पुढे मी. त्यांनी मला ओळखलं. दिवेलागणीला दारात आलेल्याला परत पाठवत नाहीत, आणि हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत होतं हे मला आज कळतंय. तुम्ही त्यांना वाकून नमस्कार केलात आणि म्हणालात की वाट चुकलेली माणसं आहोत, रात्रीपुरता आसरा द्या. त्या आत वळल्या. आतून भांड्यांचा आवाज आला, मग तांदळाच्या पिठाचा डबा उघडल्याचा. आणि मग माजघरातून ताई आली. हातात ते बाळ. तिनं बाळ माझ्याकडे दिलं आणि माझ्या परकराच्या ओच्यावरची वाळू झटकत राहिली. मी घामट, चिखलानं माखलेली, आणि ते पोर माझी वेणी धरून बसलेलं. एवढं सुख मला पुढे माझ्या स्वतःच्या मुलांचंही झालं की नाही, सांगता येत नाही. नंतर तुम्ही त्याला मांडीवर घेतलंत आणि त्यानं तुमचा काचा ओला केला. तुम्ही म्हणालात, भरती आली.

जेवायला बसलो. वालाचं बिरडं, भाकरी, भात. सासूबाई स्वतः तूप वाढायला आल्या. सगळ्यांना एकेक पळी. माझ्या पानाशी आल्यावर भाताचा पांढरा रंग दिसेनासा होईपर्यंत ओतत राहिल्या आणि म्हणाल्या, "जेव हो. आमच्याकडे तुपाला हात आखडत नाहीत." ताईनं मान खाली घातली. मला हसू येत होतं आणि रडूही. तो सगळा भात मी संपवला. तसं जड जेवण आयुष्यात पुन्हा झालं नाही.

सकाळी निघताना तुम्ही जे केलंत त्याचं मोल मला तेव्हा कळलं नाही. सासूबाईंना म्हणालात, रात्रीच्या भाकऱ्या उरल्यात त्या पोरींना वाटेत होतील, एखादा डबा असला तर द्या. त्यांनी झाकणाचा पितळी डबा भरून दिला. तो परत कसा करायचा असं त्यांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, हिच्या घरून येईल. मी डबा घरी नेला. अण्णा ओटीवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आईला म्हणाले की डबा परत पाठवायला हवा. आणि रिकामं भांडं कोणी परत पाठवतं का? आईनं डिंकाचे लाडू केले, बाळंतिणीसाठी, चार महिने उशिरा. ते घेऊन अण्णा स्वतः खाडी ओलांडून गेले. तिकडून डबा आला तो नारळाच्या वड्यांनी भरून. मग इकडून आवळे गेले, तिकडून कोकमाची सोलं आली. होळीला ताई बाळाला घेऊन घरी आली. तुम्हाला पाणी कळत नसेल, बाई, पण भांडी कळत होती.

याची किंमत तुम्ही भरलीत. रेवदंड्याच्या शाळेत रात्रभर कंदील लावून माणूस वाट बघत बसला होता. सकाळी आम्ही पोचेपर्यंत वाळू पाण्याखाली गेली म्हणून तिथला सकाळचा सामनाही बुडाला. तक्रार हेडमास्तरांकडे गेली. त्यांनी आपल्या दोघींना बोलावलं. ते मूळचे खाडीकाठचेच, त्यामुळे मी पाणी विसरले म्हणून सांगितलं असतं तर माझं त्यांनी एक अक्षर खरं मानलं नसतं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मी देशावरची. वाळू बघितली, होडी विसरले. हिशेब माझा होता." ते म्हणाले, समुद्राकाठी नोकरी करायची तर समुद्र शिकावा. दोन वर्षं मुलींच्या सहली बंद झाल्या. शिक्षकांच्या खोलीत तुम्हाला बघून कोणी ना कोणी विचारायचं, बाई, पाणी कुठवर आलंय? तुम्ही हसून ऐकून घ्यायचात. मी व्हरांड्यातून ऐकायची आणि पुढे जायची. त्या दोन वर्षांत ज्या मुलींना कुठेच जाता आलं नाही, त्यांच्यापुढे मी आजही अपराधी आहे.

तुम्हाला ठाऊक होतं, हे मला काल फोन ठेवल्यावर कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की मी तुम्हाला फसवलं आणि तुम्ही मोठ्या मनानं सावरून घेतलंत. मग त्या चादरी कशाला? होडीतल्या वाऱ्यासाठी कोणी चादरी नेतं का? तुम्ही आदल्या दिवशीच होडीवाल्याला विचारलं असणार. सगळं समजून, सगळं अंगावर घ्यायच्या तयारीनं तुम्ही त्या होडीत बसलात, आणि मला माझं खोटं शेवटपर्यंत खरं म्हणून वापरू दिलंत. आभार मानायला मला साठ वर्षं उशीर झालाय. तरी मानते. मनापासून मानते.

भाच्याला मी विचारलं, त्या अकरा मैदानांपैकी कुठे कोणी आहे का? तो म्हणाला, एका लहानशा गावाजवळ त्याचा जुना सहकारी राहतो, तो आजारी असतो, पण तिथलं मैदान काही नावाजलेलं नाही. मी म्हटलं, ते पहिलं ठेव, बाकीची कुठलीही गाळ. बरं म्हणाला. फोन ठेवता ठेवता सांगितलं, आई तुझी आठवण काढत होती.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमच्या गावाकडे तुमचं कोणी उरलं नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की रडणंही शोभणार नाही. हे इथेच राहील. पण एक सांगायचं आहे. तो पितळी डबा माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी ताईनं त्यातून आमसुलं पाठवली होती. त्यानंतर एका बारशाला तिनं सगळ्यांना बोलावलं आणि मला सांगायचं राहिलं. विसरली असेल, शहाऐंशी वर्षांची आहे ती. मी तेव्हापासून फोन केलेला नाही आणि डबा फळीवर उपडा घालून ठेवलाय. विहीणबाईंना मी आयुष्यभर हसत आले, तुपावरून रुसल्या म्हणून. आज सकाळी डबा काढून चिंचेनं घासला. त्यात काय भरायचं ते अजून सुचत नाही. खाडीवर आता पूल आहे, बाई. पाण्याची सबबसुद्धा उरलेली नाही.